नडगीचे हाड आणि मेंढी

परभणी

प्रिय दिगंबर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. धाकट्याच्या नडगीत सळई घातल्यावर डॉक्टरांनी तिसऱ्याच दिवशी त्याला वॉकर देऊन पायावर थोडा भार टाकायला लावला, म्हणून काकू संतापल्या आहेत, हे वाचून मला हसू आले. कारण या सल्ल्यामागचा बराचसा पुरावा माझ्या रुग्णांच्याच जातीने, म्हणजे मेंढ्यांनी, दिलेला आहे.

धनगरांचा वाडा आपल्या शिवारात उतरे तेव्हा पायाला कामट्या बांधलेली एखादी मेंढी कळपामागे लंगडत येताना दिसे, हे तुला आठवत असेल. मेंढीला पडून राहा म्हणून सांगता येत नाही; भूल उतरली की ती उभी राहते आणि जोडलेल्या हाडावर भार येतोच. प्लेट किंवा सळई टिकते की वाकते, हे तपासायला याहून कठोर परीक्षा नाही. उंदराच्या काडीएवढ्या हाडात माणसाचे स्क्रू बसत नाहीत आणि त्या हाडाची आतली ठेवणही आपल्यासारखी नसते. मोठ्या विलायती मेंढीचे वजन मात्र माणसाच्या जवळपास जाते. (आपली दख्खनी मेंढी त्या मानाने फारच हलकी.)

इंग्लंडमध्ये गुडशिप आणि केनराइट या संशोधकांनी मेंढ्यांच्या नडगीचे हाड कापून बाहेरून चौकट बसवली, काहींच्या फटीला रोज थोडा वेळ मोजून-मापून किंचित हालचाल दिली, आणि हाड पूर्ण जखडून ठेवलेल्या मेंढ्यांपेक्षा त्यांचे हाड चांगले जुळले, असे १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९९१ मध्ये माणसांवरील चाचणीतही तोच कल दिसला. कारण असे की, पक्के हाड सुमारे २ टक्क्यांहून अधिक ताणले तर तुटते, कूर्चा १० टक्क्यांपर्यंत सोसते आणि जखमेतली कोवळी ऊती १०० टक्क्यांपर्यंत; त्यामुळे शरीर आधी मऊ भराव घालते, हालचाल कमी होत जाते तसा तो घट्ट होतो आणि शेवटी तिथे हाड धरते. हालचाल अजिबात नसेल तर जोडावरची गाठ नीट येत नाही, आणि ती फार असेल तर भराव हाडापर्यंत पोचतच नाही.

तरीही मेंढीवर सरसकट विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे. प्रयोगातली मेंढी बहुधा तरुण आणि धडधाकट असते. तिच्या हाडात माणसासारखी पुनर्रचना, म्हणजे जुने हाड काढून तिथे नवे घालणे, सात-आठ वर्षांच्या वयानंतर दिसू लागते. म्हणून प्लेट मेंढीत टिकली तर मी मान डोलावतो, पण हाड वाढवणारे औषध मेंढीत लागू पडले म्हणून ते साठीच्या मधुमेही माणसातही लागू पडेल, हे मला पटत नाही. या बाबतीत डुकराचे हाड माणसाच्या अधिक जवळचे, पण ते जनावर सांभाळणे कठीण.

बरे हाड मुद्दाम कापणे हे माझ्यासारख्या हाडे जोडणाऱ्याला खुपतेच. हाड पूर्ण भूल देऊनच कापतात, आणि आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार नेमलेल्या केंद्रीय समितीची परवानगी मोठ्या जनावरासाठी घ्यावी लागते, तरीही.

काकूंना सांग, डॉक्टर सांगतील तेवढाच भार द्यायचा. त्याहून जास्त नको आणि कमीही नको. महिन्याने एक्स-रे काढाल तो मला पाठव. आणि धाकट्याच्या खिशातली तंबाखूची पुडी आजच काढून घे. निकोटिनने हाड जुळायला उशीर लागतो, आणि मेंढीने तंबाखू कधी मळलेली नसल्यामुळे तिच्याकडून ही गोष्ट कळली नसती.

तुझा,
मधुकर