आधी मॉनिटर सांगा, मग प्रोसेसर ठरवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड घेतोय, त्याच्या तोलामोलाचा प्रोसेसर कोणता?’ ठाण्यातल्या आणि वाशीतल्या संगणकाच्या दुकानांत हा प्रश्न हल्ली वरचेवर कानी येतो. विचारणारा कॉलेजचा मुलगा असतो, पैसे भरणारे आईवडील शेजारी उभे असतात, आणि उत्तर बहुधा किमतीच्या हिशेबाने दिले जाते: कार्ड सर्वांत महाग, तर प्रोसेसरही सर्वांत महाग घ्या. दोन लाखांच्या पुढचे कार्ड घेताना हा हिशेब चुकला, तर एक तर प्रोसेसरवरचे पैसे वाया जातात, नाही तर कार्ड निम्म्या ताकदीनेच चालते. दोन्ही प्रकार टाळता येण्यासारखे आहेत, म्हणून हे पत्र.

गेममधली प्रत्येक फ्रेम (पडद्यावर क्षणभर दिसणारे एक चित्र) दोन टप्प्यांत तयार होते. कोण कुठे उभे आहे, गोळी लागली की नाही, कोसळलेल्या भिंतीचे तुकडे कुठे पडले, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय काढायचे याची यादी कार्डाकडे देतो. कार्ड त्या यादीप्रमाणे चित्र रंगवते. दोघांतला जो मागे पडेल त्याच्या चालीने गेम चालतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ साठी ६.९ आणि २४० साठी जेमतेम ४.२. समजा एखाद्या गेममध्ये प्रोसेसरला एका फ्रेमचा हिशेब उरकायला ८ मिलिसेकंद लागतात. मग तो सेकंदाला १२५ याद्याच देणार. त्याला खालच्या पायरीचे ५०७० जोडा की ५०९०, आकडा १२५ च्या वर जाणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न कार्डाचा नसून मॉनिटरचा आहे: रिझोल्यूशन (पडद्यावरच्या पिक्सेलची, म्हणजे ठिपक्यांची संख्या) किती आणि हर्ट्झ (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो) किती? १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीवर ३६.९ लाख आणि ४केवर ८२.९ लाख. पिक्सेल चौपट झाले की कार्डाचे ओझे वाढते, प्रोसेसरचे जवळपास तेवढेच राहते. त्यामुळे ४के, ६० हर्ट्झच्या पडद्यासाठी एएमडीचा रायझेन ५ ७६०० हा ६ कोअरचा (आत सहा गणनाकेंद्रे असलेला), ६५ वॅटचा प्रोसेसरही ५०९० ला बहुतेक गेममध्ये पुरतो. उलट १०८०पी, २४० हर्ट्झवर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्याने ५०९० घेऊच नये. त्याने कार्ड दोन पायऱ्या खाली आणावे आणि वाचलेले पैसे प्रोसेसरवर घालावेत.

इथे एक मेख आहे. ‘आमचा पडदा ४के आहे, प्रोसेसर कसाही चालेल’ असे म्हणणारे डीएलएसएस (लहान चित्र काढून ते मोठे करून दाखवण्याची कार्डाची सोय) चालू करतात, आणि मग चित्र बदलते. ४केवर डीएलएसएस ‘क्वालिटी’ला ठेवले तर कार्ड आतून १४४०पी रंगवते, ‘परफॉर्मन्स’ला ठेवले तर १०८०पी. म्हणजे कार्डाचे ओझे उतरले आणि अडचण पुन्हा प्रोसेसरकडे गेली. रे ट्रेसिंगही (प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या-प्रतिबिंबे रंगवणे) फक्त कार्डाचा मामला नाही. दृश्यातल्या हलत्या वस्तूंची मांडणी दर फ्रेमला नव्याने करण्यात प्रोसेसरचाही वेळ जातो. फ्रेम जनरेशनने (दोन फ्रेमच्या मध्ये जादा फ्रेम घालण्याची सोय) एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम याचा, आकडा फुगतो खरा, पण मधल्या फ्रेम कार्ड स्वतः तयार करते. माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमच्या वेगानेच येतो. मूळ ४० फ्रेम असतील तर वर १२० दिसले तरी हाताला जडपणा जाणवतो.

इंटरनेटवर प्रोसेसर आणि कार्डाचे नाव टाकले की ‘इतके टक्के बॉटलनेक’ (अडथळा) असा एकच आकडा देणारी साधने आहेत. त्यांच्यावर भरवसा ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. गेम बदलला, सेटिंग बदलली की अडचण इकडची तिकडे जाते. तिला एकच कायमचा टक्का असू शकत नाही.

त्यापेक्षा घरी आहे त्याच संगणकावर चाचणी करावी. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर घालून पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएस, कार्डाचा वापर आणि प्रत्येक कोअरचा वापर दाखवायला लावा. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद करा. गेममधली गर्दीची जागा निवडा, बाजारपेठ किंवा मोठी लढाई. मोकळ्या माळावर घेतलेला आकडा निरुपयोगी. कार्डाचा वापर ९७ ते ९९ टक्के दिसत असेल तर कार्ड पूर्ण राबते आहे, प्रोसेसरला हात लावू नका. वापर ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल तर रिझोल्यूशन एक पायरी खाली आणून त्याच जागी पुन्हा पाहा. फ्रेम वाढल्या नाहीत, तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची. प्रोसेसरच्या एकूण वापराचा आकडा मात्र फसवा असतो. ८ कोअर, १६ थ्रेडच्या (एका वेळी १६ कामे सांभाळणाऱ्या) प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा जेमतेम ६ टक्के दिसतो, आणि बहुतेक गेम एका मुख्य थ्रेडवरच अडतात.

म्हणूनच गेमसाठी कोअरची संख्या ८ च्या पुढे फारशी कामी येत नाही, कॅशे (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी) येतो. रायझेन ७ ७८००एक्स३डी (२०२३) आणि ९८००एक्स३डी (२०२४) यांत एल३ कॅशे ९६ एमबी आहे, रायझेन ५ ७६०० मध्ये ३२ एमबी. लागणारी माहिती रॅममधून आणण्याऐवजी जवळच सापडते, म्हणून फ्रेमचा वेग वाढतो आणि मधूनमधून अटकणेही कमी होते. फ्लाइट सिम्युलेटर, शहर वसवण्याचे गेम, मोठी ऑनलाइन जगे यांत हा फरक ठळक दिसतो. १४४ हर्ट्झच्या वरचा मॉनिटर आणि ५०८० किंवा ५०९० असेल, तर आमची पहिली पसंती ९८००एक्स३डी. त्याहून महाग १६ कोअरचा ९९५०एक्स३डी फक्त गेमसाठी घेऊ नये. त्याच्या दोन भागांपैकी एकालाच जादा कॅशे आहे, आणि गेम योग्य भागावर चालावा यासाठी चिपसेट ड्रायव्हर आणि विंडोजचा गेम बार दोन्ही नीट बसवावे लागतात. कोड कंपाइल करणारे किंवा प्रोसेसरवर रेंडर करणारे असाल तरच तो घ्या. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सचे (त्यातल्या रेंडर इंजिनाचे) रेंडर कार्डावर चालवता येते, तिथेही महाग प्रोसेसरने फार फरक पडत नाही.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण आय९-१३९००के आणि १४९००के आजही जुन्या बाजारात फिरतात. जादा व्होल्टेजमुळे या पिढ्यांतले काही प्रोसेसर कालांतराने अस्थिर झाले. कंपनीने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. लक्षण असे की गेम सुरू होताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा संदेश येऊन तो बंद पडतो. नावात व्हिडिओ मेमरी, म्हणून सगळे कार्डाला दोष देतात, आणि दोष निघतो प्रोसेसरचा. असा प्रोसेसर घरी असेल तर बायोस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) आधी अद्ययावत करा. दुरुस्ती पुढची झीज रोखते, आधी झालेली भरून काढत नाही. संदेश तरीही येत राहिला तर वॉरंटीत बदलून मागा.

स्वस्तातले काही प्रोसेसर मोठ्या कार्डाखाली मुळीच लावू नयेत. रायझेन ५ ८५००जी ग्राफिक्स कार्डाला पीसीआयईच्या (कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या मार्गाच्या) फक्त ४ लेन देतो. ८६००जी आणि ८७००जी ८ लेन देतात आणि त्यांचा एल३ कॅशेही १६ एमबीच. जुन्या एएम४ सॉकेटवरचे ५५०० आणि ५६००जी पीसीआयई ३.० वरच थांबतात. ज्यांच्याकडे एएम४ चा चांगला बोर्ड आहे त्यांना ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी मिळाला, तर बोर्ड आणि डीडीआर४ रॅम तशीच ठेवून काम भागते.

रॅमची चूक सर्वांत जास्त आढळते आणि ती फुकटात सुधारते. ३२ जीबीची एकच स्टिक घेऊ नका, १६ जीबीच्या दोन घ्या. एका स्टिकवर मेमरीचा एकच चॅनल चालतो, वाहतूक निम्मी होते. चार खाचांच्या बोर्डवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. चारही खाचा भरल्या तर रायझेन ७००० साठी एएमडीचा अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली येतो. डीडीआर५-६००० ची रॅम आणली तरी बायोसमध्ये एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवण्याची सेटिंग) चालू केल्याशिवाय ती त्या वेगाने चालत नाही. एएम५ बोर्ड पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटे काळाच राहतो. तो बंद पडलेला नसतो, रॅमची जुळवणी चालू असते, तेव्हा मध्येच बटण दाबू नये. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता कार्डाला लावा आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झ तपासा. १६५ हर्ट्झचे कित्येक मॉनिटर महिनोन्‌महिने ६० वर चालत असतात.

आता वीज आणि उष्णता. ५०९० एकटे ५७५ वॅट घेते आणि कंपनी १००० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) सुचवते. प्रोसेसर, पंखे, डिस्क धरून खेळताना ७५० वॅटपर्यंत ओढ जाते, आणि ती सगळी उष्णता बनून खोलीतच पडते. १ टनाचा एसी जेवढी उष्णता बाहेर काढतो (सुमारे ३५०० वॅट), तिचा पाचवा हिस्सा एकट्या संगणकाचा. ऐरोली किंवा घणसोलीच्या लहान फ्लॅटमध्ये, मे महिन्याच्या दमट दुपारी, टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट ठेवले तर कार्ड आणि प्रोसेसर दोघेही वेग कमी करतात, आणि दोष पुन्हा ‘जुळत नाही’ म्हणून प्रोसेसरवर जातो. २५३ वॅटपर्यंत जाणाऱ्या १४९००केऐवजी १६२ वॅटपर्यंतच जाणारा ९८००एक्स३डी निवडण्याचे आपल्या हवेत हेही एक कारण आहे. त्याला चांगला हवेचा कूलर पुरतो.

घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच पेलतो. वीज क्षणभर गेली की तो या संगणकाखाली लगेच बसतो. मोठ्या कार्डासाठी किमान १५०० व्हीए, शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा आणि त्यावरचा व्हीए नव्हे, वॅटचा आकडा वाचावा. कार्डाच्या १६ पिनांच्या केबलचा प्लग टक्‌ बसेपर्यंत आत दाबावा, आणि तोंडापासून ३५ मिलिमीटरच्या आत तो वाकवू नये. अर्धवट बसलेला प्लग वितळल्याची उदाहरणे ४०९० आल्यापासून जगभर झाली आहेत.

दादरला गाडी बदलून ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदीला जाणाऱ्यांनी आणि इथेच घेणाऱ्यांनीही बिलावर प्रोसेसर ‘बॉक्स’ (कंपनीच्या डब्यातला) की ‘ट्रे’ (सुटा) हे लिहून घ्यावे. ट्रेच्या मालाला उत्पादकाची थेट वॉरंटी ग्राहकाला मिळत नाही, दुकानदारावर अवलंबून राहावे लागते. डब्यावरचा सिरियल नंबर जीएसटी बिलावर यायला हवा.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या विक्रेत्यांना आमची एक विनंती आहे. कोटेशनमध्ये सुट्या भागांची नावे लिहिता, तिथेच वर ग्राहकाच्या मॉनिटरचे रिझोल्यूशन आणि हर्ट्झ, आणि तो खेळणार असलेल्या तीन गेमची नावे लिहा. त्या तीन ओळी भरल्याशिवाय प्रोसेसरची ओळ भरू नका.

आपले,
संगणक जोडणी व दुरुस्ती करणारे काही कारागीर,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)