विषय : डोंगरचढावर इंजिन ऑईलचे तापमान १३७ अंशांवर जाणे आणि वॉरंटीत दुरुस्ती नाकारणे याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग, मुख्य कार्यालय

महोदय,

मी बेळगावचा रहिवासी असून उद्यमबागेत माझे हायड्रॉलिक सुट्या भागांचे लहान वर्कशॉप आहे. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे डोंगरउतारावर आमची वडिलोपार्जित काजूची बाग आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर बागेपर्यंत सुमारे तीन किलोमीटर जांभ्या दगडांची, उभ्या चढाची पाणंद लागते. साधी गाडी तिथे चढत नाही, म्हणूनच मी चौदा महिन्यांपूर्वी आपल्या कंपनीची चारही चाकांना जोर असलेली, लो रेंज गिअरची (कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरची) डिझेल ऑटोमॅटिक गाडी घेतली. गाडीचा नोंदणी क्रमांक व चासी क्रमांक सोबतच्या जॉब कार्डांवर (सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रांवर) आहेत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, काजूचा हंगाम ऐन भरात असताना, बियांची आठ पोती आणि माझे थोरले बंधू यांच्यासह मी ती पाणंद चढत होतो. बागेतला माल डांबरी रस्त्यावर आणायचा तर आधी ओढा ओलांडून हा चढ चढावा लागतो. गाडी लो रेंजमध्ये, वेग ताशी सात-आठ किलोमीटर, एसी बंद. चढ निम्मा सरला असेल तोच इंजिन ऑईल जास्त तापल्याचा लाल इशारा पडद्यावर आला आणि त्याच क्षणी इंजिनाचा जोर निम्म्याहून खाली आला. डाव्या हाताला पंधरा-वीस फुटांचा उतार होता. बंधूंनी उतरून मागच्या चाकाला दगड लावला, तेव्हा कुठे मी ब्रेकवरून पाय काढू शकलो. बंधूंचे वय ६८ आहे. त्या चढावर चाकामागे वाकून दगड लावण्याची वेळ त्यांच्यावर यावी, ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही. टर्बोच्या (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या) बेअरिंगमधले ऑईल थांबले की ते तिथेच जळून राळ धरते हे ठाऊक असल्याने मी इंजिन बंद केले नाही, आणि आम्ही चाळीस मिनिटे तिथेच थांबलो.

विशेष म्हणजे या सगळ्या वेळात पाण्याच्या तापमानाचा काटा बरोबर मध्यावर होता. माझी तक्रार नेमकी इथून सुरू होते. पाणी आणि ऑईल ही दोन वेगळी तापमाने आहेत, हे आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने तीन भेटींत एकदाही लक्षात घेतले नाही. पहिल्या भेटीत गाडी शेडमध्ये उभी करून, इंजिन नुसते चालू ठेवून कॉम्प्युटर जोडला गेला आणि "काटा मध्यावर आहे, गाडी ठीक आहे" असे सांगण्यात आले. दुसऱ्या भेटीत रेडिएटर धुऊन त्याचे बिल माझ्याकडून घेण्यात आले आणि रिकामी गाडी सपाट महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने चालवून तिला उत्तीर्ण ठरवण्यात आले. महामार्गावर समोरून येणारा वारा रेडिएटरला आपोआप मिळतो. पायी चालण्याच्या वेगाने, भरल्या गाडीने चढ चढताना तो मिळत नाही. तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर असते आणि इंजिन मात्र पूर्ण भार ओढत असते. जिथे दोष दिसतो तिथे गाडी न्यायचीच नाही आणि मग दोष दिसत नाही म्हणायचे, अशाने तपासणी होत नाही.

तेल तापणे हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. हायड्रॉलिक पॉवर पॅकमध्ये तेल साठ-पासष्ट अंशांपुढे जाऊ लागले की आम्ही मशीन थांबवून आधी कूलर पाहतो. इंजिनाचे ऑईल त्याहून पुष्कळ गरम चालते, साधारण ९० ते ११० अंश, आणि भरल्या चढावर ते १२० पर्यंत गेले तरी माझी हरकत नाही. परंतु त्यापुढे ते पातळ होत जाते, बेअरिंगमधला त्याचा थर झिरझिरीत होतो, आणि दर दहा अंशांमागे ऑईल खराब होण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो असा आमच्या क्षेत्रातला सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणून मी स्वतः मोजायचे ठरवले.

गाडीच्या निदान सॉकेटला रीडर लावून मी दोन ठिकाणी आकडे घेतले. चोर्ला घाटात, गोव्याकडून वर येताना, ताशी ४५ ते ५० किलोमीटर वेगाने पाणी ९४ अंश आणि ऑईल ११८ अंश होते. बागेच्या पाणंदीवर, तेवढ्याच वजनाने, पाणी ९७ अंशांवर स्थिर राहिले आणि ऑईल १३७ अंशांवर गेले. खालचा संरक्षक पत्रा चेंबरभोवतीची (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीभोवतीची) हवा अडवत असेल अशी शंका आली, म्हणून तो काढून तोच चढ पुन्हा चढलो; फरक फक्त चार अंशांचा पडला. चेंबरमधली ऑईलची पातळी पट्टीवर दोन खुणांच्या मध्ये होती आणि ऑईलला फेस नव्हता. खानापुरातील माझ्या एका स्नेह्यांकडे आपलीच, याच मॉडेलची आणि याच इंजिनाची गाडी आहे. त्यांनी माझ्या विनंतीवरून तेवढीच पोती भरून तीच पाणंद त्याच दुपारी चढली, आणि त्यांच्या गाडीचे ऑईल ११९ अंशांपुढे गेले नाही. चढ तोच, भार तोच, हवा तीच. तेव्हा दोष आमच्या रस्त्याचा किंवा माझ्या चालवण्याचा आहे, असे मला कोणी सांगू नये.

दोष कुठे असावा, याचाही अंदाज मी नम्रपणे देतो. या इंजिनात ऑईल थंड करणारा कूलर फिल्टरच्या बैठकीलाच जोडलेला असून इंजिनाचेच पाणी त्यातून फिरते. बैठक चकचकीत ॲल्युमिनिअमची आहे आणि चमकत्या धातूवर तापमानाची बंदूक चुकीचा, कमी आकडा दाखवते, म्हणून मी काळी चिकटपट्टी लावून मोजमाप घेतले. चढ संपताच, ऑईल १३० च्या वर असताना, कूलरमध्ये जाणारा आणि कूलरमधून बाहेर येणारा पाण्याचा पाइप यांत जेमतेम दीड अंशाचा फरक होता. पाणी तुंबले असते तर हा फरक मोठा आला असता. याचा अर्थ पाणी वाहते आहे, पण ऑईलची उष्णता ते उचलत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे एक तर कूलरची ऑईलची बाजू आतून चोंदलेली आहे, किंवा बायपास व्हॉल्व्ह उघडा अडकल्याने ऑईल कूलरला वळसा घालून परस्पर निघून जाते. कूलर सोडवून तपासणे हे कसबी मेकॅनिकचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. तिसऱ्या भेटीत मी हे सर्व आकडे लेखी दिले, तरी त्याला कोणी हात लावला नाही.

त्याऐवजी दोन गोष्टी घडल्या. तोंडी सल्ला मिळाला की मॅन्युअलमधल्या ५डब्ल्यू-३० या दर्जाच्या ऑईलऐवजी थोडे जाड ऑईल टाका. ते लिहून मागितले तेव्हा नकार मिळाला. जाड ऑईलने तापलेल्या बेअरिंगला थोडा आधार मिळेल, पण कूलर काम करत नसेल तर तापमान खाली येणार नाही, आणि मॅन्युअलबाहेरचे ऑईल टाकले म्हणून उद्या वॉरंटी जाईल ती माझी. दुसरे म्हणजे, "ऑफ-रोड वापर" असा शेरा मारून जॉब कार्डावर वॉरंटी नाकारण्यात आली. ज्या गाडीला लो रेंज गिअर आपण स्वतः बसवता आणि जिची जाहिरात डोंगर चढताना दाखवून करता, तिने शेतातली पाणंद चढणे हा गैरवापर कसा ठरतो, याचे उत्तर मला आपल्या सहीने हवे आहे.

शेवटचे ऑईल बदलून ६,४०० किलोमीटर झाले होते, तेव्हा मी ते काढून घेतले. डिझेलचे ऑईल काळे होतेच, त्यामुळे रंगाला मी पुरावा म्हणत नाही. पण बोटांवर घेतल्यावर त्याला जळका वास होता, आणि फिल्टरच्या झाकणाच्या आतल्या कडेला तपकिरी राळेचा थर नखाने खरवडून काढावा लागला. नमुना मी सीलबंद बाटलीत ठेवला आहे. टर्बो आणि बेअरिंगचे आतापर्यंत काय झाले असेल, याची मला खरी काळजी आहे.

माझे मागणे असे की आपण कंपनीचा अभियंता पाठवून, भरल्या गाडीने, त्याच पाणंदीवर चाचणी घ्यावी. ऑईल कूलर, बायपास व्हॉल्व्ह आणि टर्बो तपासून जे बिघडले असेल ते वॉरंटीत बदलून द्यावे. आणि रेडिएटर धुण्याचे पैसे परत करावेत. त्याखेरीज एक विनंती केवळ माझ्यासाठी नाही. ऑईलच्या तापमानाचा आकडा गाडीच्या कॉम्प्युटरकडे असतोच, नाहीतर माझ्या रीडरला तो मिळाला नसता. तो चालकाला पडद्यावर दिसू द्या. १२५ अंशांवर आकडा दिसला असता तर मी सपाट जागा पाहून वेळीच थांबलो असतो. जोर गेल्यावर, दरीच्या कडेला कळून काय उपयोग? कणकुंबी, जांबोटी, तिलारी या पट्ट्यात आपल्या गाड्या शेतकरी वापरतात, आणि त्यांच्याजवळ रीडर नसतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन आणि ऑईलचा नमुना व कूलर यांची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी अशी मागणी करीन. तशी वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण स्नेह्यांची गाडी पाहता आपले इंजिन मुळात चांगले आहे.

गाडी सध्या वर्कशॉपच्या शेडमध्ये उभी आहे आणि बागेचा माल मी भाड्याच्या ट्रॅक्टरने आणतो आहे. जूनमध्ये पाऊस लागला की ओढ्याला पाणी येते आणि ती पाणंद चार महिने बंद होते, म्हणून अभियंता त्यापूर्वी यावा. पोती भरून ठेवतो. गाडी मी स्वतः चालवीन, त्यांनी शेजारी बसून आकडे लिहून घ्यावेत.

आपला,
एक वाहनधारक, उद्यमबाग, बेळगाव

सोबत : तीन जॉब कार्डांच्या प्रती, रेडिएटर धुण्याचे बिल, रीडरच्या नोंदींचे व फिल्टरच्या झाकणाचे फोटो.