संकष्टीच्या दिवशी माझ्या लेकाला पोटभर जेवू घालणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. ज्या मनोरंजन पार्कात तुम्ही स्वयंपाक करता, त्याचंही लिहीत नाही. निघताना मी आभार मानायला आले तेव्हा तुम्ही म्हणालात, "अहो, त्यात काय एवढं, दोन घास तर दिले." तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. ज्यांच्या घरी माझ्या लेकासारखं पथ्याचं मूल आहे त्यांना आणि अशा ठिकाणी शेकडो लोकांचा स्वयंपाक करणाऱ्यांनाही, तुम्ही त्या दिवशी नेमकं काय केलंत ते कळायला हवं.

माझ्या मुलाला सिलिअॅक नावाचा आजार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते त्याच्या पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतून अन्नरस शोषून घेणारे बारीक उंचवटे झिजत जातात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. आधी रक्ततपासणी, मग दुर्बिणीतून तुकडा काढून बायोप्सी, एवढं झाल्यावर निदान झालं. तोवर पोट फुगलेलं, हातपाय काड्या, सारखा चिडचिडा. त्याची वाढच थांबली होती. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. आयुष्यभर ग्लुटेन बंद, हाच उपाय.

आमच्या डॉक्टरांनी त्याला हॉलंडमधल्या डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांची गोष्ट सांगितली होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. आजूबाजूचे लोक उपाशी असताना डिकेंच्या दवाखान्यातली ही आजारी मुलं मात्र सुधारायला लागली. पुढे पाव परत आला आणि ती पुन्हा खंगली. गव्हावरचा त्यांचा जुना संशय तिथे पक्का झाला. माझ्या लेकाला ही गोष्ट फार आवडते. आपल्याला चपाती का देत नाहीत, हे तो आता मित्रांना याच गोष्टीतून समजावतो.

घरात त्याचं काही अडत नाही. साताऱ्यात भाकरी रोजचीच. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, सगळं चालतं. दळण मात्र बाहेर टाकत नाही, घरघंटी घेतली आहे. गिरणीत आधीचं दळण गव्हाचं असलं की तिथलं उरलेलं पीठ आमच्या ज्वारीत उतरतं आणि त्याला तेवढंही पुरतं. 'ग्लुटेन-फ्री' लिहायचं तर किलोभर पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा आपल्याकडचा नियम आहे. चिमूटसुद्धा मोठी झाली ना! पण बाहेर हे सांगायला गेलं की लोक प्रेमानेच म्हणतात, "एवढ्याशानं काय होतंय? खाऊ दे की पोराला." या वाक्याची मला फार धास्ती वाटते.

मागे एका दुसऱ्या पार्कात गेटवरच त्याचा डबा काढून ठेवला होता. डॉक्टरांचं पत्र दाखवलं, तरी "आत सगळं मिळतं" एवढंच उत्तर. आत मिळत होतं ते पिझ्झा, नूडल्स, समोसा, पावभाजी. बटाट्याचे तळलेले काप होते, पण ते समोशाच्याच तेलात. पोरगं दिवसभर केळ्यांवर राहिलं आणि पाळण्यात बसायचं त्राण उरलं नाही म्हणून आम्ही लवकर निघालो.

त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत कराडहून मामाची मुलं आली आणि सगळ्यांनी तुमच्या पार्कात जायचा हट्ट धरला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला होता. तुमच्या गेटवर डबा अडवला नाही, हे आधी सांगते. पण भावंडं ताटं घेऊन बसलेली आणि हा कोपऱ्यात डबा उघडून, हे मला त्या दिवशी तरी नको होतं. म्हणून मी माझं कार्ड घेऊन तुमच्या काउंटरवर आले. काय चालतं, काय चालत नाही, असं मराठीत लिहिलेलं ते कार्ड मी नेहमी पर्समध्ये ठेवते. बहुतेक ठिकाणी लोक त्याच्यावर नजर टाकतात आणि मान डोलावतात. तुम्ही हात पुसलेत, काउंटरच्या बाहेर आलात आणि ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत. मग विचारलंत, "हिंग का नाही?"

ताई, हा प्रश्न आजवर मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं की निव्वळ हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारातल्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळतात आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. तुम्ही फडताळावरची डबी काढलीत, खिडकीपाशी नेऊन मागची बारीक अक्षरं वाचलीत आणि ती डबी मला दाखवलीत. गव्हाचं पीठ. "म्हणजे आमच्या सगळ्याच आमट्या गेल्या," म्हणालात. "चाट मसालाही गेला मग. त्यातही हिंग असतो." मी न सांगता तुम्ही पुढचं ओळखलंत, तिथेच माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

मी म्हटलं, झुणका-भाकरीच्या काउंटरवरची ज्वारीची भाकरी चालेल. तुम्ही नाही म्हणालात. "पीठ गिरणीतलं आहे आणि परात एकच. तिच्यात सकाळी कणीक मळलीय. नको, पोराला नको." मी आई असून भाकरीला हो म्हणत होते आणि तुम्ही, आपल्याच काउंटरवरचा खपणारा पदार्थ, नको म्हणत होतात. त्या एका नकारामुळे पुढे तुम्ही ज्याला हो म्हणालात त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला.

आणि मग तुम्ही म्हणालात, "आज संकष्टी आहे. उपासाचं सगळं वेगळंच असतं की आमच्यात."

किती साधी गोष्ट, पण धागा तुम्ही पकडलात. उपासाची कढई वेगळी, झारा वेगळा, तेल वेगळं, तिथे उभा राहणारा माणूसही वेगळा. कारण समोशाच्या तेलात साबुदाणा वडा तळला तर उपास करणारं माणूस तो खाणार नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही स्वयंपाकघराला शिकवावं लागत नाही. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, यांतल्या एकातही ग्लुटेन नाही. हिंगही उपासाला घालत नाहीत. वेगळं ठेवायची जी शिस्त मी बाहेर सगळीकडे मागत फिरत होते, ती तुमच्या ओट्याच्या त्या टोकाला आयतीच होती. (इतर आईबापांसाठी एवढंच: उपासाचं म्हणून डोळे झाकून घेऊ नका. उपासाची भाजणी किंवा राजगिऱ्याचं पीठ गिरणीतून आलेलं असू शकतं. ताईंनी राजगिऱ्याची पुरी याच कारणाने बाजूला ठेवली आणि भगरीचं पाकीटही उलटून वाचलं.)

साबुदाणा वडे, भगर, शेंगदाण्याची आमटी, दही. तुम्ही हात धुतलेत, अॅप्रन बदललात, त्याचं ताट स्वतः वाढलंत आणि स्वतः आणून दिलंत. बाहेर खाताना माझा मुलगा पहिला घास हातात धरून माझ्याकडे बघतो. मी मान हलवली की मगच तो तोंडात जातो. त्या दिवशी त्याने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "खा रे राजा, सगळं बघितलंय मी." आणि तो खायला लागला. त्याचं ताट बघून मामाच्या मुलांनीही वडे मागवले. थोड्या वेळाने टेबलावर सगळ्यांच्या पुढे एकच पदार्थ होता आणि माझा मुलगा दुसरा वडा कुणी पळवू नये म्हणून हाताने ताट झाकून बसला होता. भावंडांत बसून असं भांडत जेवणं त्याच्या वाट्याला किती कमी येतं, ते मलाच माहीत.

आइस्क्रीमच्या गाडीपर्यंतही तुम्ही आलात. कोन मैद्याचा असतो हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण तोच चमचा कोनाला लागून परत डब्यात जातो, हे तिथल्या मुलाला तुम्ही न रागावता समजावलंत आणि सीलबंद कप काढून दिलात.

माझी नणंद अमेरिकेत असते. तिकडे फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कात अॅलर्जी असलेल्यांसाठी वेगळं मेन्यूकार्ड असतं आणि घरचा डबाही आत नेऊ देतात. ते ऐकून मला हेवा वाटायचा. आपल्याकडेही पाकिटावर गहू, दूध, शेंगदाणे, सोया यांसारख्या घटकांचा उल्लेख करणं बंधनकारक आहे, म्हणून तर ती हिंगाची डबी आपल्याला वाचता आली. पण काउंटरवरच्या वाफाळत्या ताटाला लेबल नसतं. तिथे तुमच्यासारखं माणूसच लागतं. पार्क चालवणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे: उपासाचा काउंटर संकष्टी-एकादशीपुरता न ठेवता रोज ठेवा. आणि पथ्याच्या मुलाचा डबा गेटवर अडवू नका.

ताई, तुम्ही हिंगाचं विचारलं होतंत. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो. डबीवरचे घटक वाचून घ्यायचा, नाहीतर खडा हिंग आणून घरी कुटायचा. मी तुमच्यासाठी एक डबी आणून ठेवली आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही परत येऊ. तेव्हा संकष्टी असेलच असं नाही, म्हणून तुम्ही सांगितलंत तसा आदल्या दिवशी, नाश्त्याची गर्दी ओसरल्यावर फोन करीन. लेकाने साबुदाणा वड्यांची ऑर्डर आतापासूनच दिली आहे. तुमच्यासाठी कंदी पेढे आणायचे, हेही त्यानेच ठरवलंय. दूध-साखरेचे म्हणून ते त्यालाही चालतात.

तुमची,
साताऱ्याची एक आई