काळं जॅकेट परत कर

वाळपई, सत्तरी
८ जून

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन मी मधेच ठेवला, ते चुकलं. सायकलने कामावर जाऊ नकोस असं मला म्हणायचंच नव्हतं. रायबंदर ते पणजी, रोज, तेही पावसात, हे मी शेजारी दोन घरी स्वतःहून सांगून आलोय. पण तू जॅकेटचा फोटो पाठवलास आणि ते निघालं काळं. कॉजवेवर, त्या पाण्यातल्या बांधाच्या रस्त्यावर, बसची काच धूसर, पुढे ओला काळा रस्ता आणि त्यावर काळं जॅकेट. टॅग काढला नसशील तर परत कर.

रंगाचं एवढंच. आता कापडाचं सांगतो.

लेबलवर १०,००० मिमी लिहिलेलं असतं त्याचा अर्थ असा, की कापडावर १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते आत गळत नाही. तुला ५,००० सुद्धा पुरेल. पाणी कापडातून नाही, शिवणीतून येतं. जॅकेट उलटं कर आणि खांदा, मान, काख इथल्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का बघ. नुसते टाके दिसले तर घेऊ नकोस, सुईचं प्रत्येक भोक हे पाण्याचं भोक. खात्री करायची तर आत जुना शर्ट घालून जॅकेट शॉवरखाली १० मिनिटं टांग. शर्ट कुठे भिजला ते दिसेल.

दुसरा आकडा घाम बाहेर जाण्याचा. त्याला भुलू नकोस. कापडातून वाफ बाहेर पडते ती बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हा. जुलैत आपल्याकडे हवाच ओली, वाफ जाणार कुठे? महागडं जॅकेट घालूनही तू आतून चिंब होशील आणि म्हणशील, गळतंय. म्हणून काखेत चेन हवी, पाठीवर झडपेखाली जाळी हवी. आजी लावणीला इरलं घेऊन जायची, आठवतं? पाठ झाकलेली आणि पुढून सगळं मोकळं. वाकून काम करणाऱ्या माणसाला वारा पुढूनच लागतो. सायकलवर तूही वाकलेलीच असतेस.

स्कूटरवाल्यांचा जाड प्लास्टिकचा जोड नको, पॅडल मारताना त्यात माणूस उकडून निघतो. पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायची ती बिनबाह्यांची झूल, हवेशीर असतो, गावातल्या गल्लीत मी त्याला नाही म्हणणार नाही. पण कॉजवेला एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं, आडोसा कुठेच नाही. बाजूने वारा आला की पोंचोचं शीड होतं आणि सायकल हातभर सरकते, तीही बसच्या बाजूला. शिवाय हँडलवरचा दिवा त्याखाली झाकला जातो, म्हणजे पुन्हा तू दिसत नाहीस.

परत तिथेच आलो. रागावू नकोस.

जॅकेटचं टोपडं हेल्मेटखाली चढवू नकोस. मान वळवलीस की ते वळत नाही आणि मागे बघायला जातेस तेव्हा दिसतं फक्त कापडाचं अस्तर. त्यापेक्षा हेल्मेटखाली कडक कडेची पातळ टोपी घाल. कड बोटभर पुढे आली की थेंब डोळ्यांत येत नाहीत. बाही मापताना हात हँडलवर असल्यासारखे पुढे कर, मनगट उघडं पडता कामा नये. पाठ सीटपर्यंत लांब हवी. मात्र ती लांब पाठ सीटखालचा लाल दिवा झाकते, तेव्हा दिवा मागच्या मडगार्डवर लाव.

पावसाळी पँटच्या भानगडीत पडू नकोस. वीस मिनिटांसाठी हाफ पँट आणि पट्ट्याची सँडल. बूट कितीही वॉटरप्रूफ असला तरी पाणी घोट्यातून आत उतरतं आणि मग बाहेर निघत नाही. कोरडे मोजे आणि सलवार प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बॅगेत ठेव. दोन्ही घोट्यांना चमकणाऱ्या पट्ट्या लाव. पाय वरखाली होतात, म्हणून ड्रायव्हरची नजर पाठीपेक्षा आधी तिथे जाते. काकांच्या सायकलला काहीच नव्हतं. ते मी लिहिणार नव्हतो.

तू पहिलीत लाल रेनकोट घालून फाटकापाशी उभी राहायचीस, बस यायच्या अर्धा तास आधीच. वळणावरूनही दिसायचीस.

बरं. अंगावर उडतं त्यातलं बरंचसं पाणी आभाळातलं नसतं, चाकाचं असतं. म्हणून जॅकेटच्या आधी मडगार्ड. पुढच्या मडगार्डला रबरी झालर जमिनीपासून चार बोटं वर येईल इतकी लांब हवी, नाहीतर तांबडा चिखल थेट सँडलवर आणि चेनवर. टायर आणि मडगार्ड यांत बोटभर जागा ठेव, नाहीतर चिखल अडकून चाक घासतं. टायरची हवा नेहमीपेक्षा ५ पीएसआय कमी ठेव. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, म्हणून थांबायच्या आधी हलकेच दाबून पाणी पुसून घे. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं यांवर वळू नकोस.

जॅकेट धुताना साधा साबण वापर, कंडिशनर नको. उलटं करून सावलीत वाळव. ओलं घडी घातलंस तर बुरशी धरते आणि आतला थर पापुद्र्यासारखा सुटतो. पाणी अळवाच्या पानावरच्यासारखं घरंगळायचं थांबलं, की धुऊन, वर सुती कापड टाकून मंद इस्त्री फिरव, लेबलवर परवानगी असेल तरच.

उद्या बसवाल्याकडे पार्सल देतोय. पिवळं जॅकेट आहे. बाही लांब वाटली तर कापू नकोस, आईने आत टाके न घालता दुमडून चिकटवली आहे. मडगार्डचे स्क्रू पुडीत वेगळे आहेत, सोबत ४ मिमीची ॲलन की. मिळालं की कळव. फोन रात्री नऊनंतर कर, तोवर तू घरी पोचलेली असतेस.

तुझे,
बाबा