कंपनीच्या जागेवरची माती कोण तपासणार?

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी बावीस वर्षं एका डाय म्हणजे रंग बनवणाऱ्या कंपनीत काढली, ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला होतो. कंपनी बंद पडून जमाना झाला, आता तिथे टॉवर येतोय. परवा गेटपाशी थांबलो तर जेसीबीने पायासाठी काढलेला ढिगारा दिसला, माती हळदीसारखी पिवळी आणि वास तोच, सेकंड शिफ्ट करून घरी आलो की बायको दारातच म्हणायची आधी आंघोळ करा, तो. आम्हीच पुरलाय तो गाळ, टँकर आला नाही की मागच्या खड्ड्यात, साहेब सांगायचे म्हणून, खोटं कशाला बोलू. ही माती जाते कुठे विचारलं तर वॉचमन म्हणतो, काका तुम्हाला काय करायचंय.

केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांचे नियम काढले, बरं केलं. संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी, राज्याच्या प्रदूषण बोर्डाची पहिली तपासणी ९० दिवसांत, सविस्तर तपासणी पुढच्या ९० दिवसांत, आणि घाण करणाऱ्याची ऐपत नसेल तर खर्च केंद्र आणि राज्य बघणार. पण सफाई संपवायची कधी, त्याला मुदतच नाही! नियम आले तेव्हा देशात १०३ जागा यादीत होत्या नि काम चालू फक्त ७ ठिकाणी. भोपाळला युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जाळायला ४० वर्षं गेली, केंद्राने १२६ कोटी दिले आणि जमिनीतलं विष अजून तिथेच.

आता सरकारने आपल्या पैशाने जागा साफ केली की भाव वाढणार, तो जाणार कुणाच्या खिशात? अमेरिकेत अशा जागांसाठीच्या २००२ च्या कायद्यात सफाईची ग्रँट पालिकेसारख्या सरकारी संस्थांना आणि ना-नफा संस्थांनाच मिळते, तीही जागा त्यांच्या मालकीची असेल नि घाण त्यांनी केलेली नसेल तरच. बिल्डरला हवं तर कर्ज, ते फेडलं की तोच पैसा पुढच्या जागेला. आणि नुसती माती तपासायलाही वेगळी ग्रँट आहे, आपल्याकडे सुरुवात तिथूनच करा, बांधकामाची परवानगी द्यायच्या आधी, सफाईचं नंतर बघू.

तपासणीला आले तर आम्हा जुन्या कामगारांना बोलवा, खड्डे कुठे होते ते नकाशावर बोट ठेवून दाखवू. पाच-सहा जण आहोत अजून.

– एक निवृत्त कामगार, डोंबिवली