मारबतीला माणसांचा आवाज परत द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. मारबत म्हणजे राक्षसीचा पुतळा, रोगराई आणि वाईट गोष्टी सोबत घेऊन जा असे सांगून तिचे दहन करायचे, आणि बडग्या म्हणजे ज्याच्यावर राग आहे त्याचा पुतळा. या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात तुम्ही बडग्यांची छायाचित्रे छापलीत, त्याबद्दल आभार. बडग्यांच्या गळ्यातल्या पाट्यांवर काय लिहिले होते, ते मला त्या छायाचित्रांतच वाचायला मिळाले. इतवारीत सकाळपासून उभी राहूनही धड वाचता आले नव्हते, आणि घोषणा तर एकही कानावर पडली नाही. डीजेच्या एका गाडीमागे दुसरी गाडी, मध्ये कुठेतरी बडग्या, आणि त्याच्यापुढे मोबाइल धरलेले हात.

माझे बालपण इतवारीतले. आमच्या घरी पोळ्यापेक्षा त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पाडव्याची ओढ जास्त असायची, कारण त्या एका दिवसात सकाळी मारबत आणि संध्याकाळी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा. बडग्याची तयारी मात्र चार-आठ दिवस आधीच सुरू होई. गल्लीतली मोठी मुले घरोघरी जुने कपडे मागत फिरत. कोणाचा फाटका पॅन्ट, कोणाचे धोतर, आत तणस आणि रद्दी, डोक्याला मडके, गळ्यात चपलांची माळ. आम्हा मुलींना मिरवणुकीत जायची परवानगी नव्हती, पण पुठ्ठ्यावर अक्षरे काढायचे काम आमच्याकडे असे. रॉकेलची रांग, रेशनची साखर, रात्री दोनला येणारा नळ, हे आमचे विषय. रॉकेल लपवणाऱ्यांना घेऊन जा गे मारबत! ही ओळ मी स्वतः गेरूने लिहिली होती. दुसऱ्या दिवशी मुलांनी ती रस्त्यावर ओरडून म्हटली तेव्हा आम्ही मुली गच्चीवरून तितक्याच जोराने ओरडलो. आपण लिहिलेले गाव बोलते आहे, हा आनंद मला त्याआधी माहीत नव्हता.

मारबत मुळात हाकेचा सण आहे. विदर्भातल्या खेड्यांत मोठी मिरवणूक नसते, तरी पाडव्याच्या पहाटे पोरे पळसाची फांदी ओढत गावाच्या शिवेपर्यंत जातात आणि माश्या, मोंगसे, खोकला, रोगराई सगळ्यांना नाव घेऊन हाकलतात. पावसाळा निम्म्याहून अधिक सरलेला, घरोघरी ताप. अशा वेळी आजाराला नावाने हाक मारून ‘जा’ म्हणायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला माणसांच्या मनाची फार चांगली ओळख असली पाहिजे. नागपुरात त्या नावांच्या यादीत महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद आले. २०२५ साली अमेरिकेच्या आयात शुल्कावरून ट्रम्प यांचाही बडग्या निघाला.

काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. नागपूरकरांच्या सांगण्याप्रमाणे काळी मारबत ही भोसले घराण्यातल्या बाकाबाईंवरच्या रागाची खूण. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत आप्पासाहेब भोसल्यांचा पराभव झाला आणि बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, तो राग. पिवळी मारबत जागनाथ बुधवारीतून तऱ्हाने तेली समाज काढतो. तिच्याकडे राग घेऊन कोणी जात नाही. बायका ओटी भरतात, तान्ही मुले तिच्या पायाशी घालतात. माझ्या धाकट्या भावालाही आजीने तसेच नेले होते. राक्षसी म्हणून जिचे दहन करायचे तिच्याच पायावर लेकरू ठेवायचे, याचे उत्तर आजीने कधी दिले नाही, आणि मला ते लागलेही नाही. दोन्ही मारबती नेहरू पुतळ्याच्या चौकात समोरासमोर येतात, तो क्षण आजही तसाच अंगावर काटा आणतो. तिथे उभी राहिले की आपण या शहराचे आहोत हे कोणी सांगावे लागत नाही.

सगळेच बिघडले असे मी म्हणत नाही. मुली आणि बायका आता गच्चीवरून खाली उतरल्या आहेत, कित्येकजणी लेकरांना कडेवर घेऊन चौकात उभ्या असतात. आमच्या वेळी काही पाट्यांवर इतके घाणेरडे लिहिलेले असे की घरातली मोठी माणसे आम्हाला खिडकीतून मागे ओढत. ते मागे पडले तर मला दुःख नाही.

दुःख वेगळ्या गोष्टीचे आहे. आता बऱ्याच बडग्यांची पाटी छापील फ्लेक्सची असते. मजकूर कोणीतरी संगणकावर जुळवलेला, आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो, कधी बडग्याच्या तोंडवळ्यापेक्षा मोठे. ज्यांना जाब विचारायचा त्यांच्याच वर्गणीतून पुतळा उभा राहिला, तर तो जाब कोणाला विचारणार? आणि उरलेसुरले शब्द डीजेखाली जातात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे. इतवारीत त्या दिवशी शेजारच्या बाईशी बोलायला मला तिच्या कानाला तोंड लावावे लागले. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत वाद्ये हवीतच. मारबतीत वाद्य वाजावे, ढोलताशाही वाजावा, पण तो थांबला पाहिजे आणि तेवढ्यात हजार तोंडांतून ‘घेऊन जा गे मारबत’ उठले पाहिजे. तेवढी उसंतच आता मिळत नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलाने आईला विचारले, हे कोणाला नेत आहेत? आईने मान हलवली. तिलाही कळले नव्हते.

म्हणून दोन्ही मारबतींच्या समित्यांना, बडग्या काढणाऱ्या मंडळांना आणि पोलीस प्रशासनाला माझी कळकळीची विनंती आहे. दोन्ही मारबतींची भेट होते त्या चौकात आणि त्याच्या आसपास डीजेच्या गाड्या येऊ देऊ नका. बडग्याच्या गाडीवर बडग्याच्या पाटीखेरीज दुसरा फलक नको. आणि मिरवणुकीच्या सुरुवातीचा थोडा वेळ शाळकरी मुलांच्या, हाताने केलेल्या बडग्यांसाठी राखून ठेवा. गाडीची गरज नाही, चार मुले खांद्यावर आणतील. विषय त्यांचे त्यांना निवडू द्या. शाळेसमोरचे खड्डे, डेंग्यू, वर्गाचे गळके छत, अभ्यासाचा ताण, काय हाकलायचे ते त्यांना आपल्यापेक्षा नीट माहीत आहे. संध्याकाळी हीच मुले लाकडी नंदी ओढत बोजारा मागायला दारोदार येतात आणि आपण कौतुकाने त्यांच्या हातावर पैसे ठेवतो. सकाळी त्यांचे म्हणणे ऐकायलाही आपण उभे राहू.

तुमच्या वृत्तपत्रालाही एक मागणे. पुढच्या पोळ्याआधी आठ दिवस रोज थोडी जागा मुलांनी लिहिलेल्या मारबतीच्या ओळींना द्या. मुलांच्या अक्षरांतच छापा. आमच्या वस्तीतल्या मुलांकडून मी त्या स्वतः गोळा करून आणून देईन.

आपली नम्र,
इतवारीची एक जुनी रहिवासी,
नागपूर