घाटावरच्या मावशीला, जाहीर आभार

मावशी,

हे पत्र तुझी नात तुला वाचून दाखवेल. एखाद्या शब्दाला ती अडखळली तर तिला रागावू नको. कॉलेजात जाऊन माझीच भाषा बिघडली, असं तूच म्हणतेस. खरं तर घरी येऊन तोंडानंच सांगणार होते. पण तू मला अर्ध्यात थांबवून चहा मांडला असतास आणि विषय बदलला असतास, हे मला माहीत आहे. शिवाय हे चार लोकांनी वाचावं असं मला वाटतं. त्यातल्या दोघा-तिघांनी तर जरूर.

मागच्या आठवड्यात ग्रामसभेत आपल्या गावची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची आणि जीवजंतूंची वही, दुरुस्त झाली. जुन्या वहीत कासवांची एकच ओळ होती: ‘कासव, एक प्रकार, भरपूर.’ २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे गावागावाला अशी वही करावी लागते, म्हणून कुणीतरी ठेका घेतला, ग्रामपंचायतीत बसून दुपारभरात वही भरली आणि निघून गेला. वैनगंगा इथून हाकेच्या अंतरावर आहे. तो नदीपर्यंतसुद्धा गेला नव्हता. आता त्या जागी एक अख्खं पान आहे आणि त्यावर तीन प्रकारची कासवं आहेत. मागच्या पायांवर झडपा असलेलं, धोका वाटला की झडपा मिटून घेणारं. पाठीवर कौलारू घराच्या आढ्यासारखी उभी धार असलेलं, ते पडलेल्या अर्जुनाच्या खोडावर बसतं. आणि मऊ पाठीचं मोठं, पाण्याबाहेर फक्त नाकाचं टोक काढणारं. पानाच्या खाली ‘माहिती देणार’ म्हणून माझं एकटीचं नाव आहे. टाळ्या वाजल्या, नारळ मिळाला. तू मागे बायकांत बसली होतीस, आणि माझ्याकडे बघून हसत होतीस.

मला तो नारळ अजून फोडवत नाही.

लोकांना वाटेल, जाळ्यातल्या कासवासाठी मी तुझे आभार मानते आहे. तेही आहेच. कुणीतरी टाकून दिलेलं नायलॉनचं फाटकं जाळं, त्यात झडपवालं कासव पाण्याखाली अडकलेलं. कासव पाण्यात राहतं म्हणून ते बुडत नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. पण त्याला श्वासाला वर यावंच लागतं, आणि जाळ्यात अडकलं की ते बुडूनच मरतं. मी काठावर उभी राहून एका कार्यालयात फोन लावत होते. वन्यजीव संरक्षण कायद्यात हा जीव वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आपण हात लावायचा की नाही, हे विचारायला. पलीकडून उत्तर आलं, साहेब बैठकीत आहेत, फोटो पाठवून ठेवा. आपल्या भागात वाघाचा नुसता पंजा उमटला तरी गाड्यांची रांग लागते. तोवर तू टरबुजाच्या वाडीवरून विळा आणून कमरेएवढ्या पाण्यात उतरलीही होतीस. मागून, पाठीच्या कडेला धरलंस, कारण त्याची मान केवढी लांब वळते ते तुला ठाऊक होतं. जाळं कापलं, ओल्या रेतीवर सावलीत ठेवलंस. बऱ्याच वेळानं त्यानं डोकं बाहेर काढलं, आणि मग एवढ्या तुरुतुरु पाण्यात गेलं की तुला हसू आवरेना. साहेबांची बैठक संपली की नाही, ते मला आजवर कळलेलं नाही.

पण माझ्या मनात घर करून बसली आहे ती वेगळीच गोष्ट. तुला तर ती आठवणारही नाही.

फागुनात सकाळी नदीचं पाणी गार असतं. ऊन रेतीवर आलं की कासवं वर येतात. त्यांचं रक्त आपल्यासारखं आतून तापत नाही, ऊन अंगावर घेतल्याशिवाय खाल्लेलंही नीट पचत नाही. उन्हात पाठीवरचं शेवाळ वाळतं, जळवा गळून पडतात. त्या वेळी ती खोडावर ओळीनं बसलेली असतात आणि मोजता येतात. पण पावलांचा दणका बसला, सावली हलली की टपाटप पाण्यात. मग बराच वेळ वर येत नाहीत. माझी मोजणी बुडते हे सोडून द्या, त्यांचं ऊन बुडतं.

आणि तुझा धुण्याचा दगड त्या खोडाच्या बरोबर समोर. वसतिगृहाच्या चादरी, चार घरचे कपडे, नगावर पैसे. तुझ्या मोगरीचा आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत जातो. पहिल्यांदा मी वही घेऊन बाभळीखाली बसले तेव्हा तुला काही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? तुझं पोट त्या दगडावर चालतं, आणि मी आपली कासवं मोजायला आलेली रिकामटेकडी. गावात तेव्हा तेच नाव पडलं होतं मला. ‘पोट्टी शिकून आली अन् नदीवर बसते.’

तू माझ्याकडे पाहिलंस, मग खोडाकडे पाहिलंस. आणि उगारलेली मोगरी खाली ठेवलीस. आपटली नाहीस, ठेवलीस. दोन्ही हात पाण्यात सोडून तशीच बसलीस. मी बोटानं मोजत होते, तू माझ्या बोटाकडे बघत होतीस. वही मिटल्यावर मी नुसती मान हलवली, आणि मग तुझं धुणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. नंतर रोजच. वसतिगृहाची गाडी वेळेवर येते, चादरी वाळल्या नाहीत तर तुझे पैसे कापले जातात, हे मला फार नंतर कळलं. तेही तुझ्याकडून नाही, तुझ्या सुनेकडून. मी घाबरून म्हटलं, मावशी, माझ्यासाठी नको थांबू. तर तू म्हणालीस, “तुज्यासाठी कोन थांबते? ते बसले हायेत ना उन्हात. मोज तू, मी थांबतो.”

हे ‘मी थांबतो’ आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं, मावशी. त्या आधी सगळ्यांना घाईच होती. शहरातून मोठ्या कॅमेऱ्यांची मंडळी आली होती, तुला आठवतं? सगळे एकदम त्या रेतीच्या जिभेवर जाऊन उभे राहिले, मोठमोठ्यानं बोलले, आणि मग मलाच विचारलं, “इथं कासवं आहेत कुठे?” दुर्बीण पाठवतो म्हणाले, गावकऱ्यांना जागृत केलं पाहिजे म्हणाले, नदीला पाठ करून फोटो काढला आणि गेले. दुर्बीण अजून वाटेतच आहे. त्यांच्यातल्या एकानं मला समजावलं होतं की कासवं बघायची तर कोकणातल्या वेळासला जावं. वेळास चांगलंच आहे. तिथल्या माणसांनी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं समुद्रात सोडायचं जे काम केलं त्याला माझा नमस्कार. पण कोकणाबाहेर महाराष्ट्रात कासवच नाही, असं ज्याला वाटतं त्याला काय सांगायचं? पठारावरच्या नद्यांतलं लेथचं मऊ पाठीचं कासव १८७२ साली शास्त्रात नोंदवलं गेलं ते पुण्याच्या नमुन्यावरून. आज ते जगातल्या अतिसंकटग्रस्त जीवांत मोजलं जातं. २०२२ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावर पनामात झालेल्या परिषदेत त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, तीही भारताच्या प्रस्तावावरून. एवढी मोठी बंदी येते, आणि ज्यांच्या नद्यांत ते राहतं त्यांना पत्ताही नसतो.

पत्ता असतो तो दुसऱ्याच लोकांना. वीस नखांचं कासव मिळेल का, म्हणून तो चकचकीत गाडीतला माणूस घाटावर विचारत आला होता. पैशांचा पाऊस पाडायचा होता त्याला. मी कायदा सांगायला तोंड उघडलं, तोवर तू पिळलेली चादर झटकत म्हणालीस, “आमच्या डोहातल्याले बाराच नखा हायेत जी. आठ कमी पडतात, तुमी लावून घ्यान का?” मऊ पाठीच्या कासवांच्या प्रत्येक पायाला तीनच नखं असतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तू कधी मोजली होतीस?

आणखी एक सांगायचं राहिलं. खाडीकाठी कासवं पाहणाऱ्यांना भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी मिळतं. उद्या पाणी कधी चढेल हे ते आज सांगू शकतात. आपल्याला तसं काही नाही. वर गोसेखुर्द धरणाला ३३ दारं आहेत, त्यातलं कधी कुठलं उघडेल ते आपल्याला नदीच सांगते. पाणी चढलं की खोड बुडतं, कासवं दिसत नाहीत, आणि वहीत त्या दिवशी शून्य लागतं. ते शून्य खोटं आहे हे कळायला पाण्याची नोंद लागते. ती माझ्या वहीत आहे ती तुझ्या दगडामुळे. ‘दगडाच्या पायाशी’, ‘दगडाच्या पोटापर्यंत’, ‘दगड बुडाला, धुणं बंद’. नोंदवहीचं पान तपासायला आलेल्या प्राध्यापकांनी विचारलं, पाण्याची ही मोजपट्टी कुठली? मी म्हटलं, मावशीची. ते हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं. भली माणसं अशीही भेटतात, उगाच सगळ्यांना एका मापानं कशाला मोजू.

तुझ्याकडे बघून बघून घाट बदलला, हे तुझ्या लक्षात आलंय का? डोंगेवाले आता सकाळी पलीकडच्या काठानं जातात. मोटारसायकली धुवायला येणारी पोरं गाडी वरच बंद करून ढकलत आणतात, आणि नवा कुणी गाणं लावून आला तर त्यांच्यातलाच एक त्याला डोळ्यानं दटावतो. एकाही भिंतीवर पाटी नाही, कुणी भाषण दिलं नाही. देवळातल्या दगडाच्या कासवाला हात जोडूनच आत जाणारी आपण माणसं, पण जिवंत कासवासाठी हातातलं काम थांबवलेलं मी तुझ्याआधी कुणाला पाहिलं नव्हतं. मला वाटतं चांगुलपणा असाच पसरत असावा, एकाचं बघून दुसऱ्यानं करत. ‘कायले?’ असं न विचारता दुसऱ्याच्या कामाला जागा करून देणारी माणसं गावोगाव असतात. अहवालात त्यांच्यासाठी रकाना नसतो, एवढंच.

आपल्या वहीत मात्र आहे! ‘जाणकार व्यक्ती’ असा छापील रकाना आहे आणि तो कोरा सोडला आहे. मी ग्रामसेवकांना विचारलं, तर म्हणाले, तिथं शिकलेला माणूस लागतो. मी नियम दाखवा म्हटलं. दोन दिवसांनी त्यांनीच निरोप पाठवला की असा नियम नाही. सरपंचबाईंनी सांगितलंय, जैवविविधता समितीच्या बैठकीत नाव चढवू, पण सही समोर व्हायला हवी.

तेव्हा सोमवारी बारा वाजता ग्रामपंचायतीत ये. अंगठा नको हं, नातीनं शिकवलेली सही कर, मग किती का वेळ लागेना. त्या दिवशीच्या वसतिगृहाच्या चादरी मी धुते. मोगरी मला जमत नाही, डाग राहिले तर वॉर्डनला माझं नाव सांग. कासवं मोजून झाल्याशिवाय मी सुरू करणार नाही, हे मात्र गाडीवाल्याला तूच आधी सांगून ठेव, माझं तो ऐकत नाही.

तुझी,
बाभळीखालची पोट्टी